छायाचित्रण व्यवसाय : शिक्षण व संधी (देगलूर परिसर)

देगलूर (जि. नांदेड) १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांचे शिक्षण रुडकीला झाले, तेही अभियांत्रिकीचे. कॅमेरा नंतर हाती आला. मुंबईचे छायाचित्रकार गौतम राजाध्यक्ष (१९५०–२०११) जाहिरातक्षेत्रातून व्यक्तिचित्रणाकडे वळले. छायाचित्रणाच्या पदवीवाचून अडत नाही, हे दोघांवरूनही दिसते.

तालुक्यातील नवखा आजही बहुधा स्टुडिओत, लग्नसराईत मदतनीस म्हणून शिकतो. प्रकाश आणि गिऱ्हाईक दोन्ही तिथेच कळतात. हिशेब मात्र वेगळा शिकावा लागतो. औपचारिक वाटांत दहावीनंतर आयटीआयचा 'डिजिटल फोटोग्राफर' हा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बारावीनंतर मुंबईच्या सर ज. जी. उपयोजित कला संस्थेत पदवी शिक्षणात छायाचित्रण शिकता येते. गांधीनगरच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्याचे पदव्युत्तर शिक्षण मिळते. पुण्याची चित्रपट व दूरचित्रवाणी संस्था (एफटीआयआय) चलच्छायांकनासाठी प्रसिद्ध आहे.

लग्नकामाला हंगाम असतो, म्हणून वृत्तपत्र, उत्पादन व वारसा छायाचित्रण यांची जोड हवी. तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे सरावाला उत्तम, पण दुर्लक्षित विषय आहेत. हवाई छायाचित्रणात २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा तर २०२१ च्या नियमांनुसार रिमोट पायलट प्रमाणपत्र लागते.