नागपूरहून गोरेगाव, नागपूरहून भोपाळ

राज्य पुनर्रचनेचा धडा मी शाळेत कितीतरी वर्षे शिकवला. १ नोव्हेंबर १९५६ला भाषावार राज्ये झाली, जुन्या मध्य प्रदेशातले विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, नागपूरची राजधानी गेली आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला झाली. संपला धडा. मुले तारखा पाठ करीत आणि मार्क मिळवीत. पण राजधानी हलते तेव्हा कचेऱ्यांतले कारकून, त्यांच्या बायका, पोरे, पाट-वरवंटे आणि म्हातारे आईवडील हेही हलतात, हे कुठल्याच पुस्तकात आले नाही. आमचे घर त्यातच होते, म्हणून लिहून ठेवते. भाचरे-पुतणे वाचतात म्हणे हे सगळे, तेव्हा त्यांच्यासाठीही!

आमचे वडील आणि धाकटे काका दोघेही नागपूरच्या सचिवालयात नोकरीला. एकाच सायकलवर डबलसीट जात. १९५५च्या सप्टेंबर अखेरीस फाजल अली आयोगाचा अहवाल आला, त्यात विदर्भाचे वेगळे राज्य करावे अशी शिफारस होती. त्यामुळे काही महिने सगळ्यांना वाटत होते, की आपण इथेच. घराला डागडुजीसुद्धा केली त्या उन्हाळ्यात. मग दिल्लीत काय ते ठरले आणि विदर्भ मुंबई राज्यात गेला. कायद्यात नोकरांसाठी ११५ वे कलम होते. कोणी कुठल्या राज्यात जायचे याचे वाटप केंद्र सरकार करणार, आणि नोकरीच्या अटी त्याच्या मंजुरीशिवाय कर्मचाऱ्याच्या तोट्याच्या होऊ द्यायच्या नाहीत. पगार, ज्येष्ठता सगळे सांभाळले. घर कुठे करायचे, पोरांना कुठल्या शाळेत घालायचे, याला मात्र कलम नव्हते.

वडिलांच्या वाट्याला मुंबई आली, काकांच्या वाट्याला भोपाळ. गंमत पाहा, आपल्या भाषेची म्हणवणारी मुंबई नागपूरहून रेल्वेने आठशे किलोमीटरच्या वर, आणि परक्या भाषेचे भोपाळ चारशेच्या आत. आजीला हे कधीच पटले नाही. ती म्हणायची, "जवळचं ते परकं अन् दूरचं ते आपलं, हे कोणी ठरवलं?"

तर मुंबई. वडील आधी एकटे गेले आणि दादरला एका ओळखीच्यांच्या खोलीत चौघांत पाचवे म्हणून राहिले. सचिवालय तेव्हा नुकतेच, १९५५ साली, नव्या इमारतीत आले होते. (त्याचे मंत्रालय झाले ते १९७५ साली.) जवळचे स्टेशन चर्चगेट. त्यामुळे पश्चिम रेल्वेच्या बाजूला घर हवे, हे पहिल्याच आठवड्यात ठरले. डोंबिवली स्वस्त होती, मराठी होती, पण बोरीबंदरला उतरून रोज चालत जायचे आणि रात्री परत, हे वडिलांना झेपणारे नव्हते.

जागा शोधणारे ते एकटेच नव्हते. द्वैभाषिक राज्यात मराठवाडा आला होता, सौराष्ट्र-कच्छही आले होते. हैदराबादकडचे उर्दू शिकलेले कारकून, राजकोटचे गुजराती कारकून आणि नागपूरचे आमचे लोक, सगळे रविवारी एकाच गाडीने उपनगरांत हिंडत आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत एकमेकांना पत्ते सांगत. सरकारी क्वार्टर थोडे आणि रांग मोठी. वांद्र्याची मोठी शासकीय वसाहत काय किंवा विक्रोळीचे कन्नमवार नगर काय, ही सगळी पुढची गोष्ट. (मारोतराव कन्नमवार मूळचे चांद्याकडचे, १९६२च्या नोव्हेंबरात मुख्यमंत्री झाले आणि १९६३च्या नोव्हेंबरात पदावर असतानाच गेले. विक्रोळीची पाटी दिसली की आम्हा वैदर्भीयांना उगाच बरे वाटते!)

वडिलांचे मन पार्ल्यावर होते. तिथे १९२१ सालापासूनची पार्ले टिळक विद्यालयाची शाळा, मराठी वस्ती, वाचनालये. पण पागडी! १९४७च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४०च्या पातळीवर बांधून ठेवली होती. भाडेकरूला संरक्षण म्हणून केलेला कायदा. तो जुन्या भाडेकरूच्या कामाचा ठरला आणि नव्याच्या मुळावर आला. मालकाला भाडे वाढवता येईना, म्हणून तो खोली देतानाच एकरकमी पैसे हातावर घेई, बिनपावतीचे. पार्ल्यात दोन खोल्यांना मागितलेली रक्कम म्हणजे वडिलांचा वर्षाचा पगार. माझे मत विचाराल तर मुंबईची उपनगरे कोणी आवडीने निवडली असे फारसे नाहीच. पागडीने एकेका स्टेशनापुढे ढकलत नेले, जिथे पैसा पुरला तिथे माणूस उतरला. आम्ही गोरेगावला उतरलो.

घर पक्के करण्याआधी आईला बोलावले, हे वडिलांचे त्या काळाच्या मानाने विशेषच. तिने खोल्या पाहिल्याच नाहीत म्हणे आधी. पहिल्यांदा विहीर पाहिली, मग शाळा किती पावलांवर ते चालून पाहिले, वाटेत रेल्वेचे फाटक लागते का ते विचारले. शेवटी शेजारच्या बाईंशी अर्धा तास बोलली. बाई मालवणच्या, बोलणे निम्मे कळले नाही, पण पोर आजारी पडले तर ही बाई दार उघडेल एवढे कळले. घ्या म्हणाली.

१९५० साली मुंबईची हद्द वाढली ती जोगेश्वरीपर्यंतच, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा गोरेगाव मुंबईबाहेर होते. १ फेब्रुवारी १९५७ला हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि घर न बदलता आम्ही मुंबईकर झालो! हद्द आली, पाणी मात्र त्या वेगाने आले नाही. विहिरीवर आणि नळावर रांगा. मृणालताई गोरे १९६१ साली महापालिकेवर निवडून गेल्या आणि पुढे 'पाणीवाली बाई' झाल्या, ते याच पाण्यापायी. हंडा घेऊन निघालेल्या मोर्च्यात आमची आईही एकदा होती, आणि तो दिवस ती जन्मभर सांगत असे.

शाळेत माझी फजिती झाली ती बोलण्याने. "बाई, ती मला चिडवून राहिली" असे म्हटले की वर्ग हसायचा. पुस्तकेही वेगळी, बालभारती यायला अजून दहा वर्षे होती. चार-सहा महिन्यांत मी 'चिडवते आहे' शिकले. घरी मात्र 'करून राहिले'च चाले, आजतागायत चालते.

आता भोपाळ. तिकडे गोष्ट अगदी उलट. काकांना निवड करावीच लागली नाही. राजधानी भोपाळला ठेवली खरी, पण तिथे कचेऱ्यांनाच जागा नव्हती. विधानसभा भरली ती बेगमांच्या काळातल्या मिंटो हॉलमध्ये, आणि १९९६पर्यंत तिथेच भरत होती. उच्च न्यायालय जबलपूरला. भोपाळ हा स्वतंत्र जिल्हासुद्धा नव्हता, १९७२पर्यंत राज्याची राजधानी सीहोर जिल्ह्यात होती! नोकरांसाठी तलावांच्या दक्षिणेला नवे नगर बांधायला घेतले, तात्या टोपे नगर, सगळे त्याला टी. टी. नगरच म्हणतात. काकांना तिथे क्वार्टर मिळाले. पुढे अंगण, मागे पेरूचे झाड, नळाला पाणी. आम्ही सुट्टीत गेलो की आई ते अंगण बघत बसायची. एक अक्षर बोलायची नाही.

पण काकूला जे सलत होते ते वेगळे. पोरांची शाळा हिंदी. घरात मराठी, गणपतीत मराठी नाटक, बाकी सारे जगणे हिंदीत. थोरला चुलतभाऊ दहा वर्षांचा असताना त्याने आजीला पत्र पाठवले, लिपी तीच म्हणून आजीने चष्मा लावून वाचायला घेतले, आणि थोड्या वेळाने माझ्याकडे देऊन म्हणाली, "तू वाच, मला लागत नाही." त्यानंतर पत्रे काकूच लिहायची आणि भाऊ खाली सही करायचा. आमच्या घरात पाण्याची ओढाताण होती, त्यांच्या घरात ही. कोणाचे स्वस्तात पडले हे मला अजून सांगता येत नाही.

काका १९८२ साली निवृत्त झाले आणि क्वार्टर सोडायची वेळ आली. म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्यांदा वस्ती निवडायची होती. जुन्या शहरात, स्टेशनच्या अंगाला, एक घर बेताच्या किमतीत मिळत होते. नागपूरची गाडी जवळ, बाजार जवळ. काका जवळजवळ हो म्हणाले होते. काकूने नाही म्हटले. कारण अगदी साधे, टी. टी. नगरात तिची पंचवीस वर्षांची भिशी आणि हळदीकुंकवाच्या बायका. त्यांना सोडून ती जायला तयार नव्हती. मग तिकडेच, क्वार्टरपासून दोन गल्ल्यांवर, भाड्याच्या दोन खोल्या घेतल्या. काका वर्षभर कुरकुरत होते.

२ डिसेंबर १९८४च्या मध्यरात्री जुन्या शहराच्या उत्तरेकडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातून वायू सुटला. स्टेशनचा परिसर आणि त्याच्या आसपासच्या दाट वस्त्या सर्वांत जास्त सापडल्या. हजारो माणसे गेली. नवे भोपाळ दक्षिणेला, मध्ये तलाव, तिकडे त्या मानाने पुष्कळ कमी झळ पोहोचली. आम्हाला गोरेगावात तीन दिवस काही कळेना. चौथ्या दिवशी तार आली, सर्व सुखरूप. आठवड्याने काकांचे पत्र आले. त्यात स्वतःबद्दल दोनच ओळी होत्या. बाकी पानभर नावे होती, नागपूरहून १९५६ साली एकाच गाडीने भोपाळला उतरलेल्या आणि निवृत्तीनंतर स्टेशनच्या बाजूला घरे घेतलेल्या सोबत्यांची. कोण इस्पितळात आहे, कोणाचे डोळे गेले, आणि कोणाचा अजून पत्ता नाही.