उंदीर लवकर जागे का झाले? अ‍ॅनिमल हाऊसमधल्या एका फवाऱ्याची गोष्ट

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मला अ‍ॅनिमल हाऊसच्या कॉरिडॉरमध्ये एक झुरळ दिसलं. मी तिथल्या काकांना सहज म्हटलं, "काका, जरा स्प्रे मारून घ्या ना." काकांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पिंजऱ्यात फटाके फोडायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "तुमचाच डेटा जाईल, मॅडम." मग त्यांनी रजिस्टरमध्ये तारीख आणि जागा लिहिली, भिंतीच्या कडेला एक चिकट सापळा ठेवला आणि सिंकखालचा गळणारा पाइप बघायला गेले.

काकांचं म्हणणं किती खरं होतं हे मला नंतर वाचनातून कळलं. तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ही गोष्ट आत्ताच ऐकून ठेवा.

१९६०च्या दशकाची सुरुवात, अमेरिकेतलं आयोवा विद्यापीठ. औषधशास्त्रज्ञ जेम्स फाउट्स आणि त्यांचे सहकारी यकृतातल्या एन्झाइमवर काम करत होते. ही एन्झाइम शरीरात आलेल्या औषधांचं विघटन करतात. त्यांचा वेग मोजायची एक सोपी पद्धत तेव्हा सर्रास वापरली जायची. उंदराला हेक्सोबार्बिटल हे झोपेचं औषध द्यायचं आणि तो किती मिनिटांनी जागा होतो ते घड्याळ लावून बघायचं. यकृत जितकं जोरात काम करेल, तितकं औषध लवकर संपणार आणि झोप लवकर मोडणार.

पण निकाल जुळेनात. उंदीर अपेक्षेपेक्षा लवकर उठायला लागले. औषध तेच, डोस तोच. मग बदललं काय? शोध घेतल्यावर कळलं की प्राण्यांच्या खोलीत किड्यांसाठी क्लोर्डेन फवारलं गेलं होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आलेलं हे क्लोरिनयुक्त कीटकनाशक तेव्हा घराघरांत वापरलं जायचं.

इथे तुम्ही असता तर काय केलं असतं? बहुतेकांनी तो डेटा "खराब" म्हणून टाकून दिला असता. हार्ट, शुल्टिस आणि फाउट्स यांनी मात्र मुद्दाम उंदरांना क्लोर्डेन देऊन पाहिलं. झोपेचा वेळ घटला आणि यकृतातली एन्झाइमची क्रियाशीलता वाढली. १९६३ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. काही औषधं यकृताला असं "चेतवतात" हे त्याआधी काही वर्षं माहीत झालं होतं. कीटकनाशकही तेच करतं, हे कळलं ते अशा अपघातातून.

आता एक शंका येईल: कंट्रोल गट त्याच खोलीत असेल तर दोन्ही गटांवर सारखाच परिणाम होणार, मग बिघडलं कुठे? बिघडतं ते असं. समजा तुमचं औषध यकृताची एन्झाइम वाढवतं की नाही, हे तुम्ही तपासताय. कंट्रोलची एन्झाइम फवाऱ्यानं आधीच वाढलेली असतील, तर दोन गटांत फरक दिसणारच नाही आणि तुम्ही लिहाल "परिणाम नाही". शिवाय मागच्या महिन्याच्या बॅचशी तुलना तर चुकलीच. पिंजरा धुऊनही सुटका नाही, कारण क्लोर्डेन प्राण्याच्या चरबीत साठून राहतं.

आणि दोष नेहमी फवाऱ्याचाच असतो असंही नाही. १९६७ मध्ये एलियट व्हेसेल यांनी दाखवलं की पिंजऱ्यात रेड सीडरसारख्या लाकडाचा भुसा घातला तरी उंदरांच्या यकृतातली एन्झाइम वाढतात. म्हणजे ज्याला आपण "नुसती खोली" समजतो, तीसुद्धा प्रयोगाचा भाग असते.

मग किडे तसेच सोडायचे का? नाही. झुरळं रोगजंतू वाहून नेतात, खाद्य दूषित करतात. बाहेरचा उंदीर आत शिरला तर अख्खी वसाहत आजारी पडू शकते. उत्तर आलं ते शेतीतून. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियात स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन यांनी "एकात्मिक नियंत्रणा"ची कल्पना मांडली: आधी कीड मोजा, नुकसान कुठल्या पातळीला होतं ते ठरवा, नैसर्गिक शत्रूंना जगू द्या आणि रसायन गरज असेल तेव्हाच वापरा. अ‍ॅनिमल हाऊसमध्ये मित्रकीटक सोडता येत नाहीत, पण बाकीचा विचार तसाच्या तसा लागू पडतो. चिकट सापळ्यांवर किती आणि कुठे किडे सापडले याची नोंद ठेवा. दाराखालची फट, पाइपभोवतीची भोकं बुजवा. खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवा, ओल काढा. एवढं करूनही भागलं नाही तर बोरिक अ‍ॅसिडसारखा कमी विषारी पर्याय, तोही प्राण्यांपासून दूर. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांच्या देखभालीसाठी जगभर वापरली जाणारी अमेरिकन "गाइड"सुद्धा हेच सांगते: कीटकनाशक गरज असेल तरच, आणि प्राण्यांच्या भागात वापरण्याआधी संशोधकाला विचारूनच. जिवंत पकडणारे सापळे लावले तर ते वारंवार तपासायचे, कारण त्यात अडकलेला उंदीरही वेदना भोगतो.

मला या गोष्टीत सगळ्यात जास्त टोचतो तो एक हिशोब. एका फवाऱ्यानं बॅच वाया गेली तर आपले सहा महिने जातात, हे खरं. पण त्या बॅचमधल्या प्राण्यांचा जीव कुठल्याही उत्तराशिवाय गेलेला असतो. ते सहा महिने आपण पुन्हा काढू शकतो. ते जीव परत येत नाहीत.

म्हणून लॅबमध्ये रुजू झालात की पहिल्याच आठवड्यात तीन गोष्टी करा. अ‍ॅनिमल हाऊसचं पेस्ट कंट्रोलचं रजिस्टर मागून वाचा. भुसा, खाद्य, साफसफाईचं रसायन यांतलं काहीही बदललं तर तारखेसह आपल्या नोटबुकात लिहा. आणि तिथल्या काका-मावशींशी ओळख करून घ्या. खोलीत काय बदललं हे त्यांना आपल्याआधी कळतं.

माझ्या त्या झुरळाचं काय झालं? पाइप दुरुस्त झाला. पुढचे दोन आठवडे सापळा रिकामाच होता. काकांनी रजिस्टरमध्ये तेही लिहिलं.