अ‍ॅक्विझिशन की रिक्विझिशन? एका शब्दावर ठरणारे जमिनीचे भवितव्य

१/ जुन्या इंग्रजी सरकारी कागदांत दोन शब्द वारंवार भेटतात : 'अ‍ॅक्विझिशन' आणि 'रिक्विझिशन'. कानाला जवळजवळ सारखे. पण पहिल्यात जमीन कायमची जाते, दुसऱ्यात ती परत मिळणे अपेक्षित असते. ठाणे-रायगडच्या इतिहासात या फरकाला मोठी किंमत आहे. त्याविषयी हा थ्रेड.

२/ दोन्ही शब्द 'शोधणे' या अर्थाच्या एकाच लॅटिन क्रियापदातून आले. एकाला 'मिळवणे' असा अर्थ आला, दुसऱ्याला 'मागणी करणे' असा. मराठी प्रशासनात पहिल्यासाठी 'संपादन' आणि दुसऱ्यासाठी 'अधिग्रहण' हे शब्द रूढ झाले.

३/ २०१३ पर्यंत संपादनाचा पाया होता १८९४ चा भूसंपादन कायदा. कलम ४ ची अधिसूचना, कलम ६ ची घोषणा, कलम ११ चा निवाडा आणि कलम १६ नुसार ताबा. ताबा घेताच जमीन सर्व बोजांतून मुक्त होऊन सरकारची होत असे. मूळ मालकाच्या हाती उरत असे तो मोबदल्याचा प्रश्न.

४/ नवी मुंबई उभी राहिली ती संपादनातून. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ९५ गावांच्या जमिनी प्रकल्पात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली रास्त मोबदल्यासाठी लढा झाला. जासई-नवघर परिसरातील गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना ही या संघर्षाचीच देणगी.

५/ अधिग्रहणाचा काळ म्हणजे दुसरे महायुद्ध. भारत संरक्षण नियमांतील नियम ७५-अ नुसार सरकार कोणतीही मालमत्ता युद्धकार्यासाठी ताब्यात घेऊ शकत असे. ताबा सरकारचा, मालकी मात्र मूळ धन्याचीच. कल्याणजवळची लष्करी छावणी याच युद्धकाळातली. फाळणीनंतर तिथे निर्वासित आले आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले.

६/ युद्ध संपले, तरी ताबा सर्वत्र सुटला नाही. १९४७ च्या कायद्याने हे अधिकार पुढे चालू ठेवले. १९५२ मध्ये आलेल्या केंद्रीय कायद्याच्या शीर्षकातच दोन्ही शब्द शेजारी बसले. त्याच्या कलम ७ ने एक वाट उघडली : अधिग्रहित जागेवर सरकारने बांधकाम केले असेल, किंवा ती पूर्ववत करण्याचा खर्च अवाजवी असेल, तर तिचे संपादन करता येईल. तात्पुरत्याचे कायम होण्याची ही कायदेशीर पायरी.

७/ आता नेवाळी. कल्याण-अंबरनाथ पट्ट्यातील दीड हजारांहून अधिक एकर जमीन युद्धकाळात धावपट्टीसाठी घेतली गेली. शेतकरी म्हणतात, ती युद्धापुरती दिली होती. संरक्षण खाते म्हणते, ती आमची आहे. २२ जून २०१७ रोजी कुंपणभिंतीवरून तिथे हिंसक आंदोलन पेटले. वादाचा गाभा एकच : जमीन घेतली होती, की मागून घेतली होती?

८/ न्यायालयाचे उत्तरही याच प्रदेशातल्या एका खटल्यातून आले. मुंबईतील एक सदनिका १९५१ साली अधिग्रहित झाली आणि तीस वर्षे उलटूनही सुटली नाही. एच. डी. व्होरा विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९८४) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले : अधिग्रहण स्वभावतःच तात्पुरते असते, गरज कायमची असेल तर सरकारने रीतसर संपादन करावे.

९/ मराठीत एक नवा गोंधळ वाढतो आहे. हिंदीत 'भूमि अधिग्रहण' म्हणजे कायमचे संपादन. तो शब्द आपल्या बातम्यांत जसाच्या तसा उतरतो. उलट, टंचाईत तहसीलदार विहीर 'अधिग्रहित' करतात किंवा निवडणुकीसाठी वाहने 'अधिग्रहित' होतात, तेव्हा विहीर आणि वाहन मालकाचेच राहते. एकाच शब्दाचे दोन परस्परविरोधी अर्थ एकाच वर्तमानपत्रात नांदत आहेत.

१०/ म्हणून अभ्यासकांना विनंती : जुनी नोटीस हाती आली, तर केवळ अनुवादावर विसंबू नका. कोणता कायदा, कोणते कलम आणि मूळ इंग्रजी शब्द कोणता, हे आधी पाहा. सातबाऱ्यावरचे नाव कसे बदलले, याचे उत्तर अनेकदा तिथेच दडलेले असते. आपल्या गावाचा असा कागद पाहिला असेल, तर त्यातला शब्द खाली जरूर लिहा.