लिंकनच्या पायरीशी

दोस्तहो, वॉशिंग्टनमधलं लिंकनचं स्मारक नीट वाचलं पाहिजे. दगडसुद्धा बोलतात. कधी लबाडही बोलतात.

नदीकाठच्या दलदलीत भराव टाकून केलेली जमीन. तिच्यावर हेन्री बेकननं ग्रीक देवळासारखी इमारत रचली. भोवती 36 खांब, कारण 1865 साली लिंकनला गोळी घातली तेव्हा राज्यं 36 होती. आत 19 फुटी लिंकन खुर्चीत बसलाय. नाव लागलं डॅनियल चेस्टर फ्रेंचचं. छिन्नी मारली पिचिरिली भावांनी, इटलीहून आलेल्या कारागिरांनी. घाम एकाचा नि पाटी दुसऱ्याची, हे गिरणीत आपण रोज बघतो. 28 तुकडे जोडलेत, सांधा दिसत नाही. आणि हा संगमरवर कुठला? जॉर्जियाचा! गुलामी टिकवायला जी राज्यं फुटून निघाली त्यांतलंच ते एक. (त्या लढाईत अमेरिकेचा कापूस अडला नि मुंबईच्या कापूसवाल्या शेठांची चांदी झाली, हेही ध्यानात ठेवा.) फरशी टेनेसीची, भिंती इंडियानाच्या. उत्तर-दक्षिणेचे दगड शेजारी बसवले, गोऱ्या भावाभावांचं भांडण मिटलं म्हणून.

मग ज्याच्यावरून भांडण झालं तो काळा माणूस कुठाय? मूर्तीच्या डोक्यामागं कोरलंय की यानं संघराज्य वाचवलं. गुलामीचा शब्द नाही. मजकूर लिहिणाऱ्या कॉर्टिसोझनं तो मुद्दाम टाळला. जुनी जखम उकरायची नव्हती त्याला. जखम कुणाची, हे कोण विचारतो? उत्तरेच्या भिंतीवर मात्र लिंकनचंच 1865 चं भाषण आहे, त्यात गुलामीचा हिशेब आहे. त्याचं तोंड त्यांना बंद करता आलं नाही.

30 मे 1922 ला लोकार्पण झालं. टस्कीगी संस्थेचे प्रमुख रॉबर्ट मोटन यांना बोलायला बोलावलं. स्वतः काळे. त्यांचं भाषण आधी तपासलं नि त्यातला जाळ काढायला लावला. आलेल्या काळ्या पाहुण्यांना वेगळं बसवलं. गुलामी मोडणाऱ्याच्या पायाशी वेगळी पंगत! आपल्या माणसाला हे समजवावं लागत नाही.

पण पायऱ्या उघड्या होत्या. 1939 साली गायिका मेरियन अँडरसनला काळी म्हणून राजधानीतला मोठा हॉल नाकारला. ती 9 एप्रिलला या पायऱ्यांवर गायली, 75 हजार माणसांपुढं. मग 28 ऑगस्ट 1963. अडीच लाख माणसं, रोजगार नि हक्क मागायला आलेली, आणि वर मार्टिन ल्यूथर किंग. ते उभे होते ती जागा 2003 साली दगडात कोरली. वर जाताना ती अक्षरं पायाखाली लागतात.