पुणे येथील संशोधनपरंपरा

पुणे येथील संशोधनपरंपरा : पुणे शहर व त्याचा परिसर येथे एकोणिसाव्या शतकापासून मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि निसर्गविज्ञाने या तिन्ही क्षेत्रांत चालत आलेले उच्चतर संशोधन. संस्कृत पोथ्या, मराठेशाहीचे कागदपत्र, मातीच्या थरांतील धान्य व अस्थी, कुटुंबांचा जमाखर्च, विषाणू आणि दूरस्थ ताऱ्यांकडून येणारे रेडिओ तरंग असे परस्परांहून अत्यंत भिन्न विषय येथे अभ्यासिले गेले. साधने व पद्धती निरनिराळ्या असल्या, तरी या कार्यात एक समान सूत्र आढळते. निष्कर्षाबरोबर त्याचा पुरावाही अशा रीतीने मांडावयाचा, की दुसऱ्या अभ्यासकास तो तपासता यावा आणि प्रसंगी मूळ निष्कर्ष बाजूस सारता यावा, हे ते सूत्र होय.

प्रारंभ : पेशवाईच्या अस्तानंतर विद्वान ब्राह्मणांना मिळणाऱ्या दक्षिणेच्या निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा स्थापन झाली. तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज विकसित झाले. नव्या शिक्षणाने पारंपरिक शास्त्राध्ययनास ऐतिहासिक व तौलनिक दृष्टीची जोड मिळाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर (१८३७–१९२५) यांनी शिलालेख, नाणी व ग्रंथ यांची सांगड घालून प्राचीन भारताच्या इतिहासलेखनाचा पाया घातला. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाची साधने या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतच्या मोहिमेपर्यंतची समकालीन पत्रे त्यात असून, त्यांच्या आधारे राजवाडे यांनी बखरींतील वृत्तांत तपासून पाहिले. कागदपत्रांच्या शोधासाठी त्यांनी गावोगाव भ्रमंती केली. १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने या संग्रहकार्यास संस्थेचे अधिष्ठान दिले.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती : भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना ६ जुलै १९१७ रोजी झाली. दोन वर्षांनी, १९१९ मध्ये, संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले. केंब्रिज येथे गणिताचे व बर्लिन येथे भाषाशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या सुखटणकरांनी या कामास निश्चित नियम घालून दिले. निरनिराळ्या लिप्यांतील पोथ्यांचा शब्दशः मेळ घालावयाचा, त्यांची वंशपरंपरा लावावयाची आणि परस्परांशी संपर्क नसलेल्या दूरच्या शाखा, उदा., काश्मीरची शारदा व केरळची मलयाळम्, जेथे एकमताने सांगतात तेथे तो पाठ जुना मानावयाचा, अशी ही पद्धती होती. जो भाग सर्व शाखांत आढळत नाही तो वगळून तळटीपांत अथवा परिशिष्टांत देण्यात आला. व्यासांचा लेखक म्हणून गणपतीची योजना झाल्याची कथा त्यामुळे संहितेबाहेर गेली. सभापर्वाचे संपादक फ्रँक्लिन एजर्टन यांनी वस्त्रहरणाच्या प्रसंगी द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावा परिशिष्टात टाकला.

लोकमानसात रुजलेले प्रसंग असे बाजूस पडल्याने मतभेद होणे अपरिहार्य होते. तथापि वगळलेली एकही ओळ नष्ट करण्यात आली नाही. ती कोणत्या पोथ्यांत आहे व कोणत्या पोथ्यांत नाही हे पानाच्या तळाशी नोंदविलेले असल्यामुळे वाचकास संपादकाचा निर्णय अमान्य करण्याची मुभा राहिली. या पद्धतीची एक कसोटी अनपेक्षितपणे लागली. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाल्यानंतर नेपाळातील एक जुने हस्तलिखित उपलब्ध झाले. त्यातील पाठांनी सुखटणकरांच्या अनेक निर्णयांना दुजोरा दिला. आधी केलेल्या अनुमानाची नंतर मिळालेल्या पुराव्याने परीक्षा व्हावी, ही प्रयोगविज्ञानांत अपेक्षित असलेली गोष्ट येथे पाठचिकित्सेत घडून आली. सुखटणकर १९४३ मध्ये निवर्तले. त्यांच्यानंतर श्रीपाद कृष्ण बेलवलकर व परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी काम पुढे नेले आणि १९६६ मध्ये संहितेचे प्रकाशन पूर्ण झाले. इरावती कर्वे यांच्या युगान्त (१९६७) या ग्रंथातील विवेचनास याच संहितेचा आधार आहे. एका विद्याशाखेचे फलित दुसरीस कसे उपयोगी पडते, याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

पुरातत्त्व व कोशकार्य : १९३४ मध्ये सरकारने डेक्कन कॉलेज बंद केले. माजी विद्यार्थ्यांनी न्यायालयात दाद मागितली आणि १९३९ मध्ये ते पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले. पुरातत्त्वासाठी हसमुख धीरजलाल सांकळिया आणि समाजशास्त्र व मानवशास्त्र यांसाठी इरावती कर्वे यांची नियुक्ती झाली. संस्थेने घोड नदीकाठी इनामगाव (ता. शिरूर) येथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सु. इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातील या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचा अभ्यास करताना जळक्या धान्याचे दाणे वनस्पतींच्या जाणकाराने, प्राण्यांची हाडे प्राणिविज्ञांनी व मानवी सांगाडे शारीरिक मानवशास्त्रज्ञांनी तपासले. पाण्याचा पाट, धान्याचे कोठार, अनेक खोल्यांचे घर आणि मुलांची कुंभदफने यांवरून एका शेतकरी समाजाचे चित्र उभे राहिले. शेवटच्या कालखंडात आयताकार घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. मधुकर केशव ढवळीकर यांनी या ऱ्हासाचा संबंध वाढत्या रुक्ष हवामानाशी जोडला.

याच संस्थेत १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवर आधारलेल्या संस्कृत महाकोशाचे काम सुरू झाले. ऋग्वेदापासून पुढील सु. १,५०० ग्रंथांतील शब्दप्रयोग सु. एक कोटी चिठ्ठ्यांवर उतरविण्यात आले. पहिल्या भागाचे प्रकाशन १९७६ मध्ये सुरू झाले. त्यानंतर निघालेले तीसहून अधिक भाग ‘अ’ या आद्याक्षराच्या शब्दांतच आहेत. काही संशोधनाचे माप आयुष्यांनी नव्हे, तर पिढ्यांनी घ्यावे लागते, हे यावरून स्पष्ट होते.

सामाजिक शास्त्रे : गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले संचालक धनंजय रामचंद्र गाडगीळ यांनी वाई तालुका, पुणे शहर इ. ठिकाणी घरोघर जाऊन पाहणी करण्याची पद्धती रूढ केली. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावरील आपला अभ्यास प्रसिद्ध केला. दररोज दरडोई २,२५० उष्मांक देणारा आहार ज्या खर्चात परवडतो, ती त्यांनी दारिद्र्याची सीमा मानली. त्यानुसार १९६०-६१ मध्ये ग्रामीण लोकसंख्येपैकी सु. ४० टक्के व नागरी लोकसंख्येपैकी सु. ५० टक्के लोक दरिद्री ठरले. संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी या मापनास आक्षेप घेतला. एकाच निरोगी व्यक्तीचे उष्मांकसेवन काळानुसार बदलते व शरीर काही मर्यादेत त्याशी जुळवून घेते. म्हणून सरासरी गरजेखालील प्रत्येकास कुपोषित मानल्यास संख्या फुगते, असे त्यांचे म्हणणे होते. पिण्याचे स्वच्छ पाणी व आरोग्यव्यवस्था यांवर त्यांचा भर होता. दांडेकरांनी त्यास सविस्तर उत्तर दिले. वाद तांत्रिक दिसला, तरी देशातील भुकेल्यांची गणना कमी धरावयाची की अधिक, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. पुढे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर यांच्या अध्यक्षतेखालील तज्ञगटाने दारिद्र्यरेषा ठरविताना केवळ उष्मांकाचा आधार सोडून दिला.

निसर्गविज्ञाने : भारतीय वातावरणविज्ञान खात्याचे प्रमुख कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यास आले. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या उष्णकटिबंधीय वातावरणविज्ञान संस्थेत मॉन्सूनचे संशोधन होते. सागाच्या खोडातील वार्षिक वलयांवरून गतकाळातील पर्जन्यमानाचा अंदाज बांधण्याचे तेथील कार्य इतिहासाभ्यासासही उपकारक ठरते. शं. पु. आघारकर यांनी उभारलेली संस्था (१९४६) आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा (१९५०) यांनी अनुक्रमे जीवविज्ञान व रसायनशास्त्र यांच्या संशोधनास चालना दिली. १९५२ मध्ये स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राने १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूर जंगलात माकडे व माणसे यांच्या मृत्यूस कारण झालेला, गोचिडींमार्फत पसरणारा नवा विषाणू ओळखला. १९७८ पासून हे केंद्र राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते. भारतातील कोविड-१९ च्या पहिल्या रुग्णाचे निदान जानेवारी २०२० मध्ये याच संस्थेतील तपासणीने झाले. नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० दुर्बिणींची महाकाय रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे पहिले संचालक जयंत नारळीकर (१९३८–२०२५) होते.

शाखांमधील सेतू : दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–६६) यांच्या कार्यात ही विविधता एकाच व्यक्तीच्या ठायी एकवटलेली दिसते. गोव्यात जन्मलेले कोसंबी मूळचे गणितज्ञ. गुणसूत्रावरील जीनांमधील अंतर मोजण्याचे त्यांचे सूत्र आनुवंशिकीत आजही वापरले जाते. नाणे जितका अधिक काळ व्यवहारात फिरते तितके झिजते, या साध्या तत्त्वावर त्यांनी हजारो आहत नाण्यांची वजने घेऊन त्यांचा कालानुक्रम लावण्याचा प्रयत्न केला. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केली. पुणे परिसरातील लेणी, देवस्थाने व जुने मार्ग यांच्या पायी केलेल्या पाहणीतून त्यांचे इतिहासलेखन पुष्ट झाले.

परंपरेपुढील प्रश्न : मूळ साधने सुरक्षित राहिली तरच पुनर्परीक्षण शक्य असते. ५ जानेवारी २००४ रोजी शिवाजी महाराजांवरील एका परकीय ग्रंथाच्या निमित्ताने जमावाने भांडारकर संस्थेवर हल्ला केला व ग्रंथ, हस्तलिखिते इत्यादींची नासधूस झाली. असा आघात क्वचित होतो. वाळवी, दमटपणा आणि अपुरा निधी यांमुळे होणारी झीज मात्र सतत चालू असते. साधनांचे संगणकीकरण हा तिच्यावरील एक उपाय आहे. मात्र प्रतिमेवरून शाई, कागद किंवा अस्थी यांची नवी रासायनिक परीक्षा करता येत नाही. एका पिढीने निरुपयोगी म्हणून बाजूस ठेवलेली वस्तू पुढील पिढीच्या नव्या पद्धतीस पुरावा ठरते. जळके धान्य, झिजलेली नाणी आणि पोथीच्या समासातील पाठभेद यांचा पुण्यातील इतिहास हेच दर्शवितो.