रॉकफेलर, नेल्सन ऑल्ड्रिच
(८ जुलै १९०८–२६ जानेवारी १९७९). अमेरिकेतील रिपब्लिकन पक्षाचा नेता, न्यूयॉर्क राज्याचा राज्यपाल (१९५९–७३) आणि देशाचा उपराष्ट्राध्यक्ष (१९७४–७७). स्टँडर्ड ऑइल कंपनीचा संस्थापक जॉन डी. रॉकफेलर याचा नातू. आईचे वडील नेल्सन ऑल्ड्रिच हे सिनेटर होते. पैसा आणि राजकारण ही दोन्ही त्याला घरातूनच मिळाली.

डार्टमथ महाविद्यालयातून तो १९३० मध्ये पदवीधर झाला. पुढे घराण्याच्या रॉकफेलर सेंटरचे काम पाहताना तेथील दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रातील लेनिनच्या प्रतिमेवरून वाद पेटला आणि १९३४ मध्ये ते चित्र फोडण्यात आले. १९४० पासून लॅटिन अमेरिकेविषयीची सरकारी पदे त्याने सांभाळली.

१९५८ मध्ये रेल्वेसम्राटाचा मुलगा असलेल्या ॲव्हरेल हॅरिमनला हरवून तो राज्यपाल झाला व सलग चार निवडणुका जिंकला. राज्य विद्यापीठाचा प्रचंड विस्तार हे त्याचे सर्वांत भरीव काम. त्याच्या कारकिर्दीवरचा काळा डाग मात्र ॲटिका तुरुंगाचा. सप्टेंबर १९७१ मध्ये बंड करणाऱ्या कैद्यांनी विनवूनही तो तेथे गेला नाही. तुरुंग परत घेताना झालेल्या गोळीबारात २९ कैदी व १० ओलीस मारले गेले. १९७३ च्या त्याच्या अमली पदार्थविरोधी कायद्यांतील शिक्षाही अतिकठोर होत्या.

राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी त्याला १९६०, १९६४ व १९६८ मध्ये हुलकावणी देत राहिली. पक्षातील कडव्या उजव्या गटाला त्याचा उदारमतवाद मानवत नव्हता. राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या राजीनाम्यानंतर त्याच्या जागी आलेल्या जेराल्ड फोर्डने त्याला उपराष्ट्राध्यक्षपदासाठी नामनिर्देशित केले. तेव्हा काँग्रेसने त्याची संपत्ती आणि सहकाऱ्यांना दिलेल्या मोठ्या देणग्या यांची कसून चौकशी केली. १९७६ च्या निवडणुकीत फोर्डने त्याच्याऐवजी बॉब डोल यांना सोबत घेतले.