सफारी, सुफरा आणि गस्त

दुबईच्या बहुतेक सहलींमध्ये एक संध्याकाळ ‘डेझर्ट सफारी’साठी राखलेली असते. उतरत्या उन्हात गाडी वाळूच्या टेकड्यांवरून वरखाली उधळते, सूर्य मावळताना पाचदहा मिनिटे उंटावर बसवतात, आणि अंधार पडला की गालिचे अंथरलेल्या तळावर निखाऱ्यांवर भाजलेले मांस, खजूर व कहवा असे जेवण होते. करमणुकीला गिरक्यांचा तनुरा नाच असतो, तो मिसरचा. उंट, कहवा आणि खजूर मात्र तिथलेच. ‘सफारी’ हे नाव अरबी मुळाचे असूनही अरबस्तानात परदेशी म्हणून आले, आणि त्याची वाट वाळवंटातून गेली नाही.

अरबीत ‘सफर’ म्हणजे प्रवास. तो शब्द ओमान आणि हद्रमौतच्या व्यापाऱ्यांबरोबर गलबतांतून पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला. स्वाहिलीत त्याची ‘सफारी’ झाली, प्रवास करणे हे ‘कुसाफिरी’ झाले. झांजिबारसमोरच्या किनाऱ्यावरून हस्तिदंतासाठी आत शिरणाऱ्या तांड्यांनाही सफारी म्हणत. या तांड्यांत उंट नसे. त्से-त्से माशीच्या मुलखात ओझ्याची जनावरे तगत नसत, म्हणून माल माणसांच्या डोक्या-खांद्यांवरून जाई. उंटाला सफारीचे प्रतीक मानणाऱ्यांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

इंग्रजीत हा शब्द रुजवण्याचे श्रेय इंग्रज प्रवासी रिचर्ड बर्टनला देतात. १८५७ मध्ये तो स्पीक या साथीदाराबरोबर किनाऱ्यावरून निघून टांगानिका सरोवरापर्यंत पोचला आणि १८६० मध्ये त्या प्रवासाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. याच बर्टनने त्याआधी ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत असताना हिंदुस्थानी, गुजराती आणि मराठी या भाषांच्या परीक्षा दिल्या होत्या. ‘सफर’ हा शब्द त्याच्या कानांवर आफ्रिकेपूर्वीच, बडोदा-मुंबईकडे पडला असणार. स्वाहिली तांड्याचे नाव त्याने भाषांतर न करता तसेच उचलले, त्यामागे ही जुनी ओळख असावी, हा तर्क फार धाडसी वाटत नाही. पुढे १९०९ मध्ये थिओडोर रूझवेल्टच्या शिकारी स्वारीने शब्द जगभर गाजवला, बंदुकीच्या जागी कॅमेरा आला, आणि सफारी शिकारीऐवजी सहल झाली.

मराठीत म्हणून हा शब्द दोनदा शिरला. फारसीच्या दाराने आलेली ‘सफर’ जुनी. सिंदबादच्या सात सफरी तिच्याच. इंग्रजीच्या दाराने आलेली ‘सफारी’ तिची धाकटी बहीण, समुद्र ओलांडून परतलेली. या घराण्यात तोतयेही आहेत. पेशवाईच्या पत्रांत ‘छ’ या चांद्र तारखेच्या खुणेपुढे ‘सफर’ दिसले की कोणी गावाला निघाले असे समजू नये. तो मुसलमानी महिना आहे आणि अरबीत त्याचा ‘स’ वेगळ्या अक्षराचा, जड आहे. सफरचंदाचाही प्रवासाशी संबंध नाही. अरबीत ‘सफरजल’ म्हणजे बिहीचे फळ. गुजरातीने त्याचे सफरजन केले, मराठीने शेपटाला चंद्र जोडला.

खरी सख्खी बहीण आहे ‘सुफरा’. अरबी कोशकार सांगतात की सुफरा म्हणजे मुळात प्रवाशासाठी बांधून दिलेले अन्न, म्हणजे शिदोरी. मग ती ज्या कातड्यात गुंडाळत आणि जेवताना जे जमिनीवर पसरत, त्यालाही सुफरा म्हणू लागले. पुढे मांडलेल्या जेवणालाच ते नाव लागले. तेव्हा वाळवंटातल्या त्या संध्याकाळी जेवण हे पर्यटन कंपनीने वर जोडलेले आमिष वाटले, तरी शब्दांच्या हिशेबाने प्रवास आणि पान एकाच धातूच्या पोटचे आहेत.

आखाती अरब स्वतः मात्र अशा सहलीला सफारी म्हणत नाहीत. तंबू, शेकोटी आणि डबे घेऊन रानात रात्र काढायला जाणे म्हणजे ‘कश्ता’. हा शब्द फारसी ‘गश्त’चा, म्हणजे फिरण्याचा, असे एक मत आहे, आणि मराठीची ‘गस्त’ त्याच गश्तची. विरुद्ध बाजूला अरबीतला ‘सोलून काढणे’ अर्थाचा धातू उभा करता येतो. पण त्यातला ‘त’ जड आहे, कश्त्यातला हलका, आणि सोलण्यातून सहलीपर्यंत पोचायला बरीच ओढाताण करावी लागते. फारसी मतावरचा आक्षेप अधिक वजनदार आहे: आखाती बोलींना ‘ग’ म्हणता येतो, मग ‘क’ कशाला? उत्तर लिपीत सापडते. फारसी ‘ग’ म्हणजे वर एक रेघ जादा असलेला ‘क’. अरबी लेखणीने ती रेघ गाळली की गश्तचा कश्त होतो. पुरावा म्हणून हे अपुरे असले, तरी पारडे फारसीकडेच झुकते.

सफारी आणि गस्त हे दोन्ही शब्द एकत्र ऐकायचे तर वाळवंटाची गरज नाही. गोंदिया जिल्ह्यात, तिरोडा तालुक्यातल्या चोरखमारा प्रवेशद्वारातून नागझिऱ्याच्या जंगलात जाता येते. १९७० मध्ये अभयारण्य झालेले हे रान २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. इथली सफारी उघड्या जिप्सीतून होते. त्या गाडीच्या नावातही मिसर आहे: भारतातून युरोपात गेलेल्या भटक्यांना तिथल्या लोकांनी इजिप्तचे समजून ‘जिप्सी’ म्हटले. फेऱ्या सकाळी आणि दुपारी असतात, आत गाडीतून उतरायला मनाई असते आणि अंधार पडायच्या आत बाहेर यावे लागते. त्यामुळे सफारीचा सुफरा इथे प्रवेशद्वाराबाहेरच उलगडावा लागतो. आत वनरक्षक पायी फिरतात, आणि त्या फिरण्याला वनखात्याच्या भाषेत गस्तच म्हणतात.